पाहून घेतो, मंग दाबतो

"पाहून घेतो, मंग दाबतो."

सकाळी कंप्यूटर चालू कराच्या आधी भाऊ हे बोलेच. त्या मशीनवर तीन फिरत्या कळा होत्या, रेडिओले असतात तशा. एकेकीवर बोट ठेवे, आकडा मोठ्यानं वाचे, मंगच बटन दाबे. तुमी बी असं मानूस पाह्यलं असन, कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहनारं.

मी बीबी गावची. माहे मालक वारले, मंग भावासंगं मुंबईले आली न् एका कचेरीत झाडू-पोछ्याले लागली. तिथं खोलीभर मोठा कंप्यूटर होता. तो चालवनारे रोहिनखेडचे, आपल्याच जिल्ह्याचे. म्हून मी त्याईले भाऊ म्हने.

एकदा इचारलं, "भाऊ, मशीन तेच, कळा त्याच. रोज काय पाहता?"

"बाई, हे झोपेतून उठते तवा याले कायीच ठाऊक नसते. कोन्या तबकडीच्या डब्यातून उठाचं, ते कळाईचा आकडा सांगते. डब्यात यादी असते, घरात कोनकोनतं मशीन हाये, कुठं जोडलं हाये. यादीत नाव नसन तर छापाचं मशीन म्होरं उभं असलं तरी याले दिसत नाई."

"म्हंजे माह्यावानी. पाच साल झाले झाडून राह्यली, हजेरीत नाव नाई."

ते हसले नाईत. "नाव चढवाचा अर्ज लिहू," म्हने.

नाव नाई म्हून मी तापात बी कामावर जाये. एकदा चार दिवस उठता आलं नाई, तर माह्या जागी दुसरी बाई. मी हात जोडून परत घुसली होती.

एका सकाळी साहेब माह्या अर्जावर सई कराले येनार होता. भाऊ घाईघाईनं लिहून राह्यले होते. मी तवर ओल्या फडक्यानं कळा पुसल्या, चांगल्या घासून. साहेबाचे बूट वाजले. भाऊनं अर्ज ठेवला न् न पाहताच बटन दाबलं.

कंप्यूटर उठला, पन छापाचं नवं मशीन मुकं. मिस्तरी दुपारपावतर तेच खोलून बसले. मंग भाऊची नजर कळाईवर गेली. एक कळ एक घर सरकली होती. कंप्यूटर जुन्या डब्यातून उठला होता, न् त्या यादीत नवं मशीन नव्हतंच. भाऊनं माह्या फडक्याकडं पाह्यलं.

"कळ कोणी फिरवली?" साहेब वरडला.

मी तोंड उघडलं. भाऊ आधी बोलले, "पाहणं माझं काम होतं, साहेब. मी पाहिलं नाही."

खोटं नाई बोलले.

त्याईले कागदाच्या गोदामात पाठवलं. मी तिथं गेली. "काऊन झाकलं भाऊ? मले सांगू द्याचं होतं."

"माहं नाव हजेरीत हाये, बाई. मले इकडून तिकडं हलवतीन. तुमाले पुसूनच टाकतीन."

ते पुन्हा त्या खोलीत आले नाईत. गोदामातूनच रिटायर झाले, रोहिनखेडले गेले न् तिथंच वारले.

त्याईले गोदामात धाडल्यावर महिन्यानं माह्या अर्जावर सई झाली होती. पयल्या दिवशी हजेरीत माहं नाव पुकारलं. "हाव," म्हनलं न् फडकं घेऊन खोलीत गेली. नवा मानूस बटनावर बोट ठेवून उभा होता.

"पाहून घ्या भाऊ, मंग दाबा," मी म्हनलं.

तो हसला. पन वाकून पाह्यलं त्यानं.