पेटी विकावी म्हणते

चहा ओता आधी, मग सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो, या किश्श्यात मूर्ख एकच आहे आणि तो तुमच्यासमोर बसलाय. उगाच दुसरा शोधत बसू नका. इतकी वर्षं झाली, पण बाजारात आंब्यांचा वास सुटला की अजून माझे कान गरम होतात.

आम्ही तेव्हा मुलुंडला चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. मी, बायको मालती, आणि एक मुलगा, एक मुलगी, दोघं प्राथमिक शाळेत. मी कारकून. वर्षातले अकरा महिने मी माझ्या पगाराशी इमानाने वागायचो. रिक्षा-टॅक्सी तर सोडाच, स्टेशनवरच्या टांग्याकडेही बघायचो नाही. मग परीक्षा संपायच्या आणि अकोल्याहून माझ्या बहिणीची तीन मुलं सुट्टीला यायची. दारातून 'मामा' अशी हाक आली की संपलं. मी कारकून राहायचोच नाही, मामा व्हायचो. आता मला सांगा, मामाला कधी कोणी पगार विचारलाय?

आल्या दिवशी आइस्क्रीमचा पॉट भाड्याने आणायचा. बर्फ, खडेमीठ, आणि दांडा फिरवायला पाचही मुलं रांगेत. दुसऱ्या दिवशी राणीची बाग. मग जुहूला घोडा, घोड्यानंतर भेळ, भेळेनंतर ज्याला तिखट लागलं त्याला कुल्फी. मग ज्याला तिखट लागलं नव्हतं त्याच्यावर अन्याय नको म्हणून त्यालाही कुल्फी. भाड्याच्या सायकली रोज. आणि वर आंब्याची पेटी. आमच्या ऑफिसात देवगडचे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या बागेतल्या हापूसची पेटी ते ओळखीच्या लोकांना द्यायचे, पैसे मागाहून दिले तरी चालायचं. हे 'मागाहून' फार वाईट. पेटी घेताना ते अगदी लांब वाटतं.

मालती मला अडवायची नाही. तिला मुलांचं सगळं हौसेने करायचं असायचं. पण जून तिला मेच्या पहिल्या तारखेलाच दिसायचा. पुस्तकं, वह्या, गणवेश, छत्र्या, रेनकोट. मला जून दिसायचा तो थेट एकतीस मेच्या संध्याकाळी, तोही अर्धवट.

त्या वर्षी तर मी कहरच केला होता. वीस दिवसांत घरात काही म्हणता काही उरलं नव्हतं. मुलांना सर्कशीचं कबूल केलेलं बाकी होतं, आणि मुलाचा गणवेश इतका आखूड झाला होता की शाळेच्या शिपायाने त्याला फाटकातच अडवलं असतं.

अशा एका सकाळी मी खिडकीशी आरसा लावून दाढी करत होतो. तोंडाला फेस. मालती खाली बसून तांदूळ निवडत होती. मुलं बाहेर. सुपातून मान वर न करता ती म्हणाली,

"अहो, ती पेटी विकावी म्हणते मी."

आमच्या कॉटखाली आंब्याची पेटी होती. निम्मी संपलेली. मी म्हटलं, वा, बायकोला बरं सुचलं. सात तोंडांना आंबे खाऊन खाऊन उष्णता झाली होती, माझ्या मानेवर तर गळूही आलं होतं.

"विक की," मी म्हणालो.

"खरंच विकू?"

"ठेवून करायचंय काय? कॉटखाली अंधारात पडलीय. ना हवा, ना काही. खराब होईल नुसती."

तिने सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "तशी खराब झालीच आहे थोडी. मधले दोन गेलेत."

"बघ. दोन गेले की बाकीचे जायला वेळ लागत नाही."

"भाऊंना वाईट वाटेल."

"भाऊंना सांगतंय कोण?"

"तुम्हाला नाही ना वाईट वाटणार?"

मी वस्तरा धुतला आणि अगदी दिलदारपणे म्हणालो, "मला कसलं वाईट? आता गोडी राहिलीय का तिच्यात? पुढच्या वर्षी दुसरी आणू."

मालतीने तांदळातला एक खडा काढला, तो बराच वेळ बोटात धरला, आणि मग उठून आत गेली.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. त्याच कॉटखाली, आंब्यांच्या पलीकडे, जुन्या चादरीत गुंडाळलेली आणखी एक पेटी होती. वाजवायची. मालतीच्या वडिलांनी तिला लग्नाआधी घेऊन दिलेली. आणि तिच्या वडिलांनाही घरात सगळे भाऊच म्हणतात.

पुढच्या तीन-चार दिवसांत आंबे मुलांनी संपवले, पेटीच्या फळ्या बंबात गेल्या. मला यातलं काही माहीत नाही, कारण मी दिवसभर ऑफिसात. एकदा चप्पल शोधायला वाकलो तर कॉटखाली एकदम मोकळं. म्हटलं, गेली वाटतं पेटी. छान.

आणि मग घरात लक्ष्मीच आली म्हणा ना. मुलाचा गणवेश शिवून आला, चांगला ढगळ, दोन वर्षं चालेलसा. दोघांना नवे रेनकोट. पाचही मुलं सर्कशीला जाऊन आली. वाण्याकडची उधारीही फिटली, कारण वाणी मला बघून आपण होऊन हसला. मी थक्क झालो. निम्म्या पेटीत एवढं? समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळी पैसेवाली मंडळी, त्यांच्यापैकीच कोणीतरी घेतली असणार. बायको आपली धंद्यात हुशार निघाली, आपण मात्र तिला नुसते तांदूळ निवडायला बसवलंय.

मालती त्या दिवसांत फार बोलत नव्हती. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

ऑफिसात मी तिचं इतकं कौतुक केलं की विचारू नका. दोघाचौघांना सल्लाही देऊन टाकला, की बायकांना व्यवहार बघू द्यावा. आणि शनिवारी भाऊंकडून आणखी दोन पेट्या उचलल्या. मागाहून देतो म्हणून. स्टेशनवरून चक्क टांगा केला. पायाशी दोन पेट्या, आणि मी मागे टेकून बसलेला. गल्लीतली पोरं टांग्यामागे धावत होती. घोडा आमच्या दारात उभा राहिला तेव्हा अर्धी चाळ गॅलरीत आली होती.

मी पेट्या आत आणून ठेवल्या. मालती पदराला हात पुसत बाहेर आली.

"या कशाला?"

"विकायला," मी म्हणालो. "तू विकायच्या. निम्म्या पेटीचे एवढे आले, तर या दोन अख्ख्या आहेत. बघ, जूनच काय, आपली दिवाळीसुद्धा निघेल."

ती पेट्यांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग हळूच कॉटवर बसली.

"तुम्ही आंब्यांचं बोलत होतात?"

"म्हणजे? तू कशाचं बोलत होतीस?"

"मी पेटी विकली," ती म्हणाली. "माझी पेटी. घाटकोपरच्या एका मास्तरांना. तुम्हाला विचारून."

मी उभाच. खोलीत आंब्यांचा असा काही वास सुटला होता की विचारू नका. मला त्या सकाळचं एकेक वाक्य आठवायला लागलं आणि प्रत्येक वाक्यागणिक मी खाली खाली जात होतो. खराब होईल नुसती. भाऊंना सांगतंय कोण. आता गोडी राहिलीय का तिच्यात.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही नको म्हणाल."

खरं सांगतो, पेटी गेल्याचं मला जेवढं लागलं नाही तेवढं दुसरंच लागलं. असं सगळं मी तिच्या पेटीबद्दल बोलू शकतो, हे तिला खरं वाटलं होतं. आणि का वाटू नये? मुलगी बघायला गेलो तेव्हा हिने हीच पेटी वाजवून एक भजन म्हटलं होतं. पोहे अगदी फिके होते, मी होकार दिला तो त्या भजनावर. आणि त्यानंतर अकरा वर्षांत 'जरा वाजव ना' असं मी तिला एकदाही म्हटलेलं नव्हतं. पॉट आणला, घोडे आणले, कुल्फ्या आणल्या, मधले दोन सूर दुरुस्त करून आणावेत हे कधी डोक्यात आलं नाही. असे दोन सूर गेलेत हेच मुळी मला माहीत नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पत्ता घेतला, दोन्ही पेट्या हमालाच्या डोक्यावर दिल्या आणि घाटकोपर गाठलं. वाटेत भाषण पाठ केलं. मास्तर, गैरसमज झाला. पैसे मी पगार झाला की परत करतो, तोवर हे दोन पेट्या आंबे ठेवा, आणि आमची पेटी द्या. अगदी साधी गोष्ट. कोणीही ऐकलं असतं.

दारातच सूर ऐकू आले. आत सतरंजीवर दहा-बारा वर्षांची एक मुलगी बसली होती, आणि तिच्यापुढे मालतीची पेटी. ती सा रे ग म वाजवत होती. मधले दोन सूर आले की पेटी नुसती फुस्स करायची, आणि मुलगी तेवढे दोन सूर तोंडाने म्हणून पुढे जायची. इतक्या सहज, की पेटीत ते नसतातच असं तिला वाटत असावं.

मास्तरांनी माझं नाव ऐकलं आणि ते उठूनच उभे राहिले. पाणी दिलं. म्हणाले, "सूर करून घेऊ आम्ही पुढेमागे. वहिनींनी आधीच सांगितलं होतं हो, काही लपवलं नाही. उलट पैसे देताना मीच म्हटलं, एवढी चांगली पेटी तुम्ही देऊन का टाकताय? तर म्हणाल्या, इथे निदान वाजेल तरी. आमच्याकडे ऐकणारं कोणी नाही."

मी पाणी प्यायलो. पेला रिकामा झाला तरी पीत राहिलो. भाषणातला एक शब्द आठवेना.

मुलीने विचारलं, "काका, पेटी परत न्यायला आलात?"

मुलांना बरोबर कळतं. मी हसलो आणि म्हणालो, "छे गं, ही पेटी अशी एकटी द्यायची नसते. तिच्याबरोबर दोन पेट्या आंबे द्यायची आमच्याकडे पद्धत आहे."

कसली पद्धत? पण मास्तर गहिवरले. मी नमस्कार केला आणि रिकाम्या हातांनी निघालो. ज्या आंब्यांचे पैसे अजून द्यायचे होते ते आंबेही गेले.

घरी दारात मालती उभी होती, तिच्यामागे पाच मुलं.

"पेटी?" तिने विचारलं.

"नाही आणली." मी तिला त्या मुलीचं सांगितलं. ती तोंडाने सूर कसे भरते तेही सांगितलं. मालती ऐकत होती, आणि तिचा चेहरा जरा मऊ झाला.

"बरं केलंत," ती म्हणाली. मग माझ्या हातांकडे बघून, "आणि आंबे?"

"ते पण दिले."

आठवडाभरात पहिल्यांदा ती हसली. आधी नुसती ओठात, मग भिंतीला टेकून, मग डोळ्यांना पदर लावून. तो पदर हसण्याचा होता की दुसऱ्या कशाचा, हे मी विचारलं नाही. पाचही मुलांची तोंडं मात्र उतरली.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी तिला म्हटलं, "ते भजन म्हण ना. मी बघायला आलो होतो तेव्हाचं."

"पेटीशिवाय?"

"म्हण. मी ऐकतोय."

अकरा वर्षांनी म्हणत होतो, माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला. मुलं सतरंजीवर बसली. मालतीने डोळे मिटले आणि म्हणायला लागली. सुरुवातीला आवाज थोडा कापला, मग लागला. शेजारच्या वहिनी हातातलं काम घेऊन दारात येऊन बसल्या. मधेच एका ठिकाणी ती श्वासाला थांबली आणि मला ती घाटकोपरची मुलगी आठवली. म्हटलं, पेटी नाही देऊ शकलो, निदान दोन सूर तरी द्यावेत. मी मनापासून, चांगला आवाज लावून, सूर भरला.

भाचा कानावर हात ठेवून म्हणाला, "मामी, मामाला गप्प बसव ना."

मालतीने डोळे उघडले. माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली,

"त्या पेटीतले मधले दोनच गेले होते हो. तुमचे तर सगळेच गेलेत."