पुस्तकांचे घट

आमची भातखाचरं कंपन्यांच्या हद्दीत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर मुलानं तीन मजली खोल्या बांधल्या. आमच्या माण गावात आता बहुतेक घरांचं हेच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून चिखलातच उभी होते, एकदम हात रिकामे झाले. दिवसभर जिना झाडायचा, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवायचं, आलेल्या माणसाला खोली दाखवायची, एवढंच काम उरलं.

खोली सोडून जाणारी मुलं मागे काही ना काही टाकून जातात. तडा गेलेली बादली, पातळ गादी आणि हमखास पुस्तकं. इंजिनिअरिंगची असतात, इंग्रजी बोलायला शिकवणारी असतात, पण सगळ्यात जास्त स्पर्धा परीक्षांची, विटेएवढी जाड. ती पूर्वी सगळी रद्दीवाल्याच्या टेम्पोत जायची. एकदा नातीला शाळेतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ काहीतरी करून आणायला सांगितलं होतं. सुनेनं मोबाईलवर बघितलं आणि आम्ही एका जुन्या गाईडचा घट केला. अवघड काही नाही. प्रत्येक पान एकाच तऱ्हेनं आत दुमडायचं. तीन-चारशे पानं दुमडून झाली की पुस्तक आपोआप गोल फुगतं, वर गळा, खाली पोट. मग दोन्ही पुठ्ठे एकमेकांना चिकटवायचे.

नातीचं काम झालं, माझं मात्र चालूच राहिलं. भाताची रोपं लावणाऱ्या बोटांना एकसारखं, न चुकता काहीतरी करत राहायची सवय असते. शेजारणी घट मागून नेऊ लागल्या. कुणी टीव्हीपाशी ठेवला, कुणी त्यात वाळलेले तुरे खोवले. मला सातवीत शाळेतून काढलं होतं, त्यामुळे पुस्तकाचं पान दुमडताना पहिल्यांदा जिवावर आलं. पण टेम्पोत चुरगळून जाण्यापेक्षा हे बरं, असं मी मनाशी धरलं होतं.

पहिल्या मजल्यावर एक मुलगी राहायची. नांदेडकडची. एका कंपनीत बाहेरून आलेल्या लोकांची नोंद करायच्या टेबलावर बसायची आणि पहाटे उठून तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. सोबत अजून एक मुलगी होती. नांदेडची मला मावशी म्हणायची. फार बोलकी नव्हती. जिन्यात भेटली की बाजूला होऊन उभी राहायची, मी पुढे गेल्यावरच चढायची.

गणपतीच्या आधी तिला ताप आला. दोन दिवस अंगावर काढला आणि मग ती गावी गेली. परत आलीच नाही. तिचा फोन बंद लागायचा. महिन्याभरानं सोबतीण खोली सोडायला आली. मी विचारलं, “तिचं सामान?” ती म्हणाली, “कपडे मी पाठवते. ती नाही येणार आता, काकू.” तिचा चेहरा उतरलेला होता, पण मी तिच्याकडे नीट बघितलंच नाही. लग्न जमवलं असेल घरच्यांनी, असं मला वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा हसूनच. ती बॅग उचलून गेली.

खिडकीत तीन पुस्तकं राहिली होती. मी त्यांचे घट केले. करताना मला दिसलं होतं, पानापानावर निळ्या पेनानं लिहिलेलं आहे. ओळींखाली रेघा, बाजूला बारीक अक्षरात उत्तरं, आणि वरच्या कोपऱ्यात त्या दिवशी किती वाजता उठली, कुठवर वाचलं त्याची टिपणं. हे मी खोटं सांगणार नाही. मला दिसलं होतं आणि मी दुमडत गेले. तिसऱ्या पुस्तकाला खिडकीतली ओल लागून वरच्या कडेला बुरशी आली होती. ती कड मी कात्रीनं सरसकट उतरवली आणि कातरण बंबात घातलं.

थंडी सरत आली असताना एका सकाळी पांढरा सदरा घातलेला एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, खोली बघायला आला.

“एकट्याला पायजे का कुटुंबाला?” मी विचारलं.

“खोली नको ताई,” तो म्हणाला. “माझी लेक हितं राहत होती. वरच्या खोलीत.” त्यानं मुलीचं नाव सांगितलं.

“या की, बसा. कशी हाय ती?”

तो ओट्यावर टेकला. पिशवी मांडीवर घेतली. “ती गेली ताई. कावीळ झाली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

मी तशीच उभी राहिले. जिन्याखालून कुणीतरी गाडी काढत होतं, तिचा आवाज लांब लांब गेला. मी त्या सोबतिणीशी हसून काय बोलले होते ते मला आठवलं.

“तिची पुस्तकं हितंच राह्यली म्हणून तिच्या मैतरणीनं सांगितलं,” तो म्हणाला. “शाळेतल्या वह्या आम्ही मागंच देऊन टाकल्या होत्या. घरात तिच्या हातचं लिहिलेलं काहीच नाही. पुस्तकात लिहायची सवय होती तिला. तेवढी मिळाली तर घेऊन जातो.”

“बघते,” म्हणून मी आत आले. आमचे मालक स्वयंपाकघरात चहा पीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. हळू आवाजात म्हणाले, “सांग रद्दीत गेली म्हणून. त्याला तरी काय कळनार हाय? उगी त्या मान्साला आनखी दुःख कशाला?”

“मला कळतंय की,” मी म्हणाले.

फळीवर तिन्ही घट ओळीनं ठेवलेले होते. द्यायचे राहून गेले होते म्हणून होते, नाहीतर तेही कुणाच्या तरी घरी गेले असते. मी ते ताटात घातले. तसेच हातात धरायला धीर झाला नाही. बाहेर येऊन त्याच्यासमोर ठेवले.

त्याला उमगेना. “हे काय ताई?”

“ही तिची पुस्तकं. ती यायची न्हाई म्हनून मी हे बनवलं. मला ठावं नव्हतं भाऊ. माझी चूक झाली.”

त्यानं एक घट उचलला. हळूहळू फिरवला. दुमडलेल्या घडीत निळ्या शाईचं एक अक्षर अर्धं दिसत होतं, तिथं येऊन त्याचा अंगठा थांबला. तो रागावेल, असं मला वाटत होतं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “उघडता येईल का हे?”

मी सुरी आणून पुठ्ठ्याचा चिकटवलेला जोड सोडवला आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून एकेक पान सरळ करू लागलो. तो चष्मा लावून प्रत्येक पान तळहातानं दाबायचा, वाचायचा, मगच पुढचं. मध्येच एका पानावर म्हणाला, “हे बघा, हितं लिहिलंय, ‘हे बाबांना विचारायचं’. सातबाऱ्याचं आहे काहीतरी.” जरा वेळानं म्हणाला, “विचारलं नाही कधी तिनं. फोनवर नुसतं बरं आहे म्हणायची.” मालक कधी येऊन शेजारी बसले ते मला कळलं नाही. त्यांनी दुसरं पुस्तक ओढून घेतलं आणि तेही पानं उलगडायला लागले.

दोन पुस्तकं झाली तेव्हा दुपार कलली होती. घड्यांच्या रेघा काही गेल्या नाहीत आणि पुस्तकं दुपटीनं जाड झाली होती, पण लिहिलेलं सगळं वाचता येत होतं. तिसरं त्यानं हातात घेतलं तेव्हा मी त्याला थांबवलं आणि कात्रीचं सांगितलं. वरच्या कोपऱ्यात ती रोजचं लिहायची, आणि तेच मी कापून जाळलं, असं सरळ सांगितलं.

त्यानं ते पुस्तक उघडलं नाही. नुसतं हातात धरलं. मग म्हणाला, “हे असंच राहू द्या. हिच्या आईला वाचता येत नाही. हे तिला देतो. तिला हातात धरायला बरं.”

मी दोन घास खाऊन जायचा आग्रह केला. तो जेवला, पण कसंबसं. दोन पुस्तकं सुतळीनं बांधली. तिसऱ्यासाठी मी लुगड्याचं मऊ फडकं काढलं, घट त्यात गुंडाळून पिशवीत वर ठेवला. मालक त्याला बसपर्यंत पोचवायला गेले. संध्याकाळी वरच्या खोलीसमोरचा व्हरांडा त्यांनी स्वतः धुतला. तिथं आता दुसऱ्या मुली राहतात.

त्यानंतर कितीतरी दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. आता करते, पण थोडे. आधी पान न् पान चाळते. हातानं लिहिलेलं दिसलं की पुस्तक बाजूला काढून ज्याचं त्याला फोन लावते. बहुतेक जण म्हणतात, टाकून द्या काकू. एका मुलानं मात्र सोलापूरहून येऊन पुस्तक नेलं.

होळीच्या सुमारास एक फोन आला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, दबका. त्या नांदेडच्या मुलीच्या आईचा होता. त्या घटाबद्दल काही बोलेल म्हणून मी जीव मुठीत धरून ऐकत होते. पण तिनं ते काढलंच नाही. म्हणाली, “ताई, तुमच्याकडं ती जेवत होती का नीट?”

दोन वर्षं ती माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहिली होती आणि मला फार थोडं माहीत होतं. मी आठवून आठवून सांगू लागले. रविवारी वरून पिठल्याचा वास यायचा. एकदा तिनं ज्वारीचं पीठ कुठं चांगलं मिळतं ते विचारलं होतं. मी आमच्या गिरणीचा पत्ता सांगितला होता, आणि मग ती पिठाचा डबा घेऊन येता-जाताना दिसायची.

“भाकरी करायची?” तिनं विचारलं.

“करायची की. रोज न्हाई, पर करायची.”

“माझ्यासारखी पातळ?”

मी तिची भाकरी कधी बघितली नव्हती. ते मी खरं खरं सांगितलं. पलीकडून ती बरं म्हणाली. फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही.