पायगुडेकाका आणि बिनड्रायव्हरची गाडी

खेळ संपला की पायगुडेकाका स्वतःच्याच गाडीपुढच्या गर्दीत जाऊन उभे राहायचे. हात मागे बांधलेले, चेहरा अगदी भोळा. शेजारच्याला विचारायचे, "क्यों भाई, ये चलती कैसे है?" तो बापडा मग सांगत बसायचा. कोणी म्हणे रिमोट आहे, कोणी म्हणे रस्त्याखाली लोहचुंबक पुरलंय, एकदा एका गृहस्थानं छातीठोकपणे सांगितलं की डिकीत बुटका माणूस बसवलाय. काका मान डोलवत ऐकून घ्यायचे आणि घरी येईपर्यंत हसत राहायचे. "नीलू, मतलब काय डोकी आहेत एकेक!" मला म्हणायचे. "मी पेन्शनर माणूस, मला दुसरं काय पाहिजे?"

एका जुन्या हिंदी सिनेमात आपोआप चालणारी मोटार होती. वरून दुधी, खालून डाळिंबी, बॉनेटवर पितळी मोर. सिनेमातला हिरो कोणाच्या लक्षात नाही, पण आमच्या लश्कर भागातल्या साठीपुढच्या कोणालाही ती मोटार विचारा. काका इंदरगंजच्या एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून एक जुनी ॲम्बेसेडर आणली, सिनेमाची तबकडी लावली, चित्र जागच्या जागी थांबवलं आणि टीव्हीच्या काचेवर पट्टी लावून मोजमापं घ्यायला सुरुवात केली. मंगलाकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमचे हे टीव्ही बघत नाहीत, मोजतात." तीन वर्षांत हुबेहूब तीच मोटार अंगणात उभी राहिली. मोराच्या पिसाऱ्यात सात पिसं होती. कोणी आठ म्हटलं तर काका त्याला घरात नेऊन सिनेमा दाखवायचे.

पण खरी करामत आत होती. ड्रायव्हरची सीट म्हणजे प्लायवूडचं पोकळ खोकं, वरून रेक्झिन चढवलेलं. काका त्या खोक्यात शिरून बसायचे. पाठीच्या जागी काळी जाळी होती, त्यातून रस्ता बघायचा, आणि खाली लपवलेलं दुसरं छोटं स्टिअरिंग फिरवायचं. बाहेरच्याला दिसायची रिकामी सीट आणि आपसूक फिरणारं चाक. खेळ संपला की गाडीवर कापड टाकायचं आणि त्या आडोशानं काका गुपचूप बाहेर यायचे. हे गुपित जगात तिघांनाच ठाऊक होतं: काका, काकू आणि मी. मी त्यांची शेजारीण, शाळेत गणित शिकवते, आणि बोलायला फटकळ आहे, म्हणूनच त्यांनी मला निवडलं असावं. गर्दीला दामटायला फटकळ बाई बरी पडते.

माझं काम गाडीपुढं चालण्याचं. फोन लावून ठेवायचा, कानात ते बटणाएवढं यंत्र. मी हळूच बोलायचे, डावं, उजवं, थांबा; आत काका ऐकायचे. मी गप्प असले की सरळ, असं ठरलेलं. मेळ्यात, शाळांच्या संमेलनांत, कुठल्याशा उद्घाटनाला अशी आम्ही ती गाडी सात वर्षं चालवली आणि कोणाला खरचटलंदेखील नाही. वेग माणसाच्या चालीचा. आयोजक म्हणायचे, जरा जोरात पळवा. काका म्हणायचे, "जोरात तर कोणीही चालवतो. हळू चालवायला ब्रेकवर पाय आणि डोक्यावर बर्फ लागतो." लग्नाच्या वरातीला गाडी कधी दिली नाही. घोडी बिचकेल, म्हणायचे. घराणं शिलेदारांचं, भिंतीवर पणजोबांची तलवार. पण हा माणूस मुंगीलाही वळसा घालून जाणारा होता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्याबद्दल वेगळं मत कराल.

पाडव्याच्या शोभायात्रेत गाडी हवी, असं मराठी समाजाच्या समितीनं कळवलं तेव्हा काका नुसते फुलून गेले. दहा दिवस आधी, एका रविवारी सकाळी आम्ही शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर तालमीला गेलो. मी गाडीपुढं वीस पावलांवर उभी, अंगावर भडक केशरी साडी. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला आणि आमचा कटला. मी हात वर केला. हात वर म्हणजे थांबा, हे तर पहिल्या दिवसापासूनचं. गाडी येत राहिली. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. दहा पावलं राहिली, पाच राहिली, मी दोन्ही हात हलवले. पितळी मोर माझ्या पोटाला लागला आणि मी बॉनेटवर आडवी झाले, तेव्हा कुठे गाडी थांबली. आतून आवाज आला, "नीलू? बोल ना. फोन कटला का? तू बाजूला आहेस ना?"

मी जाळीपासून चार फुटांवर होते.

खोक्यातून बाहेर आल्यावर ते रुमालानं चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, काचबिंदू आहे. दोन महिने झाले. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मना केलंय. गुडघे दुखतात म्हणून स्कूटर सोडली, असं ते सगळ्यांना सांगत होते, काकूंनासुद्धा. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं गं. जाळी आली की तेही नाही."

"मग शोभायात्रा रद्द," मी म्हटलं.

"एकदाच, नीलू. मेळ्यातले लोक बघतात आणि निघून जातात. ही आपली माणसं आहेत. तू बोलत राहा, मी चालवतो. तुझ्या आवाजावर मी विहिरीच्या काठानं पण गाडी नेईन."

"आणि समोर पोर आलं तर?"

"तू आहेस ना."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हो म्हटलं. त्यांची दया आली म्हणून, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. सात वर्षं टाळ्या त्या गाडीला पडल्या, थोड्या काकांना आतल्या आत मिळाल्या, आणि मी आपली हट-हट करत पुढं चालणारी बाई. आता गाडी माझ्या आवाजावर चालणार होती. मला ते आवडलं. लाज वाटते लिहिताना, पण आवडलं.

आम्ही नियम उलटा केला. आता मी सारखं बोलत राहायचं, सरळ, सरळ, सरळ. आवाज बंद झाला की काकांनी तत्काळ ब्रेक लावायचा. मैदानावर सहा दिवस हे घोटलं. इतकं चोख जमलं की मी एकदा ओळीनं मांडलेल्या तीन विटांमधून त्यांना गाडी नागमोडी काढायला लावली. एक गोष्ट मात्र दोघांच्याही डोक्यात आली नाही. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. शोभायात्रेत ढोल असतात.

पाडव्याला गोरखीपासून निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. पुढं फेटे बांधलेल्या बायका, मग लेझीम, मग आमची गाडी. ढोलपथक बरंच मागं होतं. सगळं बरोबर चाललं होतं. सरळ. सरळ. जरा डावं. सरळ. गच्च्यांवरून फुलं पडत होती, पोरं ओरडत होती, "अरे देख, अंदर कोई नहीं है!" समितीचा माणूस टेम्पोवरून भोंग्यात काहीबाही सांगत होता. मी मनात पावलं मोजत होते, इंदरगंजच्या चौकापर्यंत किती उरली ते.

रस्ता अरुंद झाला तिथं बाजूच्या गल्लीतून दुसरं ढोलपथक आलं आणि माझ्या कानाशीच वाजायला लागलं. मला माझाच आवाज ऐकू येईना. मी ओरडून "सरळ" म्हटलं, आणि मग वाटलं की आपण आता गप्पच राहावं, म्हणजे ते थांबतील. गप्प राहिले. वळून बघितलं. गाडी येतच होती. फोनमधून आत नुसते ढोल पोचत होते; माझा आवाज बंद झालाय की त्यात बुडालाय, हे काकांना कळणार कसं? आणि माझ्या आणि गाडीच्या मध्ये, रस्त्याच्या बरोबर मधोमध, नऊवारी नेसवलेली चारेक वर्षांची मुलगी उकिडवी बसली होती. तिची नथ पडली होती. ती फुलांच्या पाकळ्या बाजूला सारून नथ शोधत होती.

मी "थांबा" म्हणून ओरडले. किती वेळा, माहीत नाही. ढोलाखाली सगळं गेलं. गाडी आपली संथ, शहाण्यासारखी चालत येत होती आणि भोवतीचे लोक हसतमुखानं बघत होते, कारण सगळ्यांचा त्या गाडीवर विश्वास होता. मी धावले, पोरीला ओलांडून बॉनेटवर जाऊन पडले आणि दोन्ही मुठींनी पत्रा बडवला. तो हादरा आत पोचला. ब्रेक लागला. मुलीच्या पाठीत आणि बंपरमध्ये एक वीत जागा होती. ती अजून नथच शोधत होती.

पुढं काय झालं असेल? टाळ्या. भोंग्यावरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "देखिए, बच्ची को देखकर गाड़ी अपने आप रुक गई!" लांबच्यांना तेवढंच दिसलं. जवळच्यांनी मला बघितलं होतं. मुलीची आई रडत आली, तिला उचललं, माझा हात धरला आणि सोडेचना. मग मुलीला खाली ठेवून तिनं मोकळ्या हातानं मूठभर फुलं गाडीच्या बॉनेटवर वाहिली. ढोलवालेही थांबून बघायला लागले.

तेव्हा ड्रायव्हरकडचं दार उघडलं. सीटची पाठ वर उचलली गेली आणि आतून पायगुडेकाका उभे राहिले, घामानं थबथबलेले. सात वर्षं जपलेलं गुपित, भर रस्त्यात. कोणीतरी हसलं, कोणाला तोही खेळाचाच भाग वाटला. काका दाराला धरून खाली उतरले.

"गाडी आपोआप चालत नाही," ते म्हणाले. "मी चालवतो. आणि मला दिसत नाही."

"क्या बोल रहे हो, काका?" एक मुलगा म्हणाला.

"दिखता नहीं है मुझे, बेटा. दो महीने से."

मुलीची आई माझा हात धरूनच त्यांच्यासमोर गेली. "दिसत नाही आणि माणसांत गाडी घातलीत?"

"हो. माझ्या हातून फार वाईट झालं असतं."

कोणीतरी त्यांच्या खांद्याला धक्का दिला. शिव्याही आल्या. ते भेलकांडले, सावरले, तसेच उभे राहिले. समितीचे अध्यक्ष रागानं तांबडेलाल होऊन गर्दीतून आले. "हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"मला," काका म्हणाले.

एवढंच. माझ्याकडे मानही वळवली नाही. मी दोन हातांवर होते, माझा हात अजून त्या आईच्या हातात होता. एक शब्द बोलायचा होता. मी नाही बोलले.

चार जणांनी गाडी ढकलत घरी पोचवली. काका माझं कोपर धरून चालत आले. दारात मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"गाडी मी चालवत होतो. तू तर पायी होतीस," ते म्हणाले आणि आत जाऊन काकूंना गुडघ्यांचं खरं काय ते सांगायला लागले.

नंतर गाडी अंगणातच राहिली. काकांनी सीटचं खोकं उघडं करून ठेवलं आणि येईल त्या पोराला त्यात बसवून सगळी युक्ती समजावून द्यायला लागले, जाळी कशी, दुसरं चाक कुठं. समितीनं पुन्हा कधी बोलावलं नाही. त्यांनीही कोणाबद्दल वाकडा शब्द काढला नाही. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. शोकसभेत एक जण म्हणाला, माणूस सज्जन होता पण त्या दिवशी नीलूताई नसत्या तर अनर्थच होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून बसले. लोकांना ते दुःख वाटलं.

ती आई मला नया बाजारात अधूनमधून भेटते. दर वेळी मुलीला सांगते, "पाया पड, ह्यांच्यामुळे तू आहेस." पोरगी आता शाळेत जाते. परवाही ती दुकानाच्या पायरीवर वाकली आणि मी तिचा हात धरून तिला वर घेतलं. काकांनी पाचशे माणसांसमोर जे केलं, ते एका बाईसमोर करायला मला दोन वर्षं लागली होती. मी म्हटलं, "काकांना दिसत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. मीच त्यांना हो म्हटलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे त्यांनी एकट्यानंच सगळं ऐकून घेतलं?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं माझ्या हातातून मुलीचा हात सोडवून घेतला आणि तिला घेऊन निघून गेली.