नानाभाऊंचा फिरकीचा तांब्या

नानाभाऊ गेले त्या दिवशी मी कोणता पराक्रम केला असेल, तर त्यांच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. नानाभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. नागपूरच्या लकडगंजात लाकूड चिरायच्या ज्या आरामशीनवर मी कारकुनी करतो तिथं सकाळीच फोन आला. तसाच घरी जाऊन बायकोला घेतलं, वाडीच्या नाक्यावरून मिळेल ती गाडी पकडली आणि तिच्या माहेरी पोचलो. मग स्मशानघाट, ऊन, धूर. परत येऊन बैठकीत टेकलो तेव्हा घशाला नुसती कोरड पडली होती. दुःखाच्या घरात पाणी तरी कोणाला मागायचं? समोर कोनाड्यात तांब्या दिसला. उठलो, झाकण फिरवलं आणि तोंड वर करून सगळं पाणी आत ओतलं. पाण्याला ब्लिचिंग पावडरीचा उग्र वास होता, एवढं जाणवलं. तांब्या खाली ठेवला तर खोलीतलं बोलणं थांबलेलं. नानाभाऊंच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, पदर तोंडाशी नेला. कोपऱ्यात बसलेले रामटेके मास्तर एकदम उठून बाहेर गेले. आणि माझ्या बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ते... ते पाहणं लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मला नवीन होतं.

त्या तांब्याला हात लावायचा नाही, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. नानाभाऊंची बाजाराच्या रस्त्यावर पिठाची चक्की. भुवयांवर कायम पीठ, आवाज चक्कीच्या वरचा, आणि खांद्याला दोरीनं अडकवलेला हा पितळी तांब्या, एका बाजूनं पोचा आलेला. ते कोणाच्याही घरी पाणी पीत नसत. कोणाच्याही म्हणजे सख्ख्या बहिणीच्याही. भाऊबीजेला आमच्याकडे यायचे, पुरणपोळीवर तूप मागून घ्यायचे, माझ्या नोकरीची थट्टा करायचे आणि ठसका लागला की स्वतःचा तांब्या उघडायचे. बायको भरलेला गिलास ताटाजवळ ठेवायची आणि तो तसाच मोरीत ओतायची. मी मात्र संशयी माणूस. दूधवाला, कंडक्टर, स्वतःचं घड्याळ, कोणावरच माझा विश्वास नाही. आमच्या माठात यांना काय दिसतं, हा प्रश्न मला दर दिवाळीला पडायचा.

या तांब्याचा जन्म मी डोळ्यांनी पाहिला होता. लग्नानंतरची काही वर्षं आम्ही बायकोच्याच गावात, नानाभाऊंच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो, आणि मी रोज बसनं नागपूरला यायचो. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. कॉलऱ्याची साथ तेव्हा देशोदेशी फिरत होती. रेडिओवर लांबलांबची नावं ऐकू यायची आणि आम्हाला वाटायचं, एवढ्या लांबून आमच्या गावाचा पत्ता तिला कोण सांगणार! पण सापडला तिला पत्ता. विहिरी तळाला गेलेल्या, आंब्याचे दिवस, आणि एका आठवड्यात बाजारओळीतली चार घरं आजारी. मग अख्खं गाव माझ्यासारखं झालं. कोण किती वेळा डबा घेऊन नाल्याकडे गेला यावर शेजारी नजर ठेवू लागले. घरात माणूस आडवा पडला असला तरी बाहेर सांगायचे, ऊन लागलं. मी एका रविवारी आमरसाच्या इतक्या वाट्या रिचवल्या की संध्याकाळपर्यंत माझ्या फेऱ्या सुरू झाल्या, तर समोरच्या घरातून हाक आली, "काहो जवाईबापू, नगरपालिकेची गाडी बोलावू का?" आजाऱ्यांना शाळेत नेऊन ठेवत होते. मी खिडकीतून ओरडलो, "रस जास्त झाला जी!" कोणाचा विश्वास बसला नाही. दोन दिवस आमच्या ओट्यावर कोणी टेकलं नाही.

नानाभाऊ नगरपालिकेत मेंबर होते, पाणी आणि आरोग्य त्यांच्याकडे होतं. सगळ्या विहिरींत ब्लिचिंग पावडर टाकायची, एवढाच विषय घेऊन सभा भरली. मी खिडकीबाहेर उभं राहून ऐकली. गावात बोललं जात होतं की त्या पावडरीनं माणूस नामर्द होतो, सरकारला लोक कमी करायचे आहेत. मला तीन लेकरं होती, चौथं नको होतं, तरी पण मलाही धडकी भरली होती, हे आता लिहायला हरकत नाही. सभेत एक मेंबर म्हणाला, "आधी खालच्या आळीच्या विहिरीत टाका, आमी पाहतो काय होते ते." खालच्या आळीचा मेंबर उसळला, "काहून? आमचे लोक काय उंदरं आहेत का?" बराच वेळ पावडर या आळीतून त्या आळीत तोंडानंच फिरत राहिली. शेवटी नानाभाऊ उठले. "पावडर कुठंही टाका. पहिला गिलास मी पेतो. सगळ्यायच्या समोर. मले काही झालं त बंद करा." त्यांच्या घरी चार पोरं, तेव्हा नामर्दपणाचा पुरावा लगेच मिळणार नव्हता, असं कोणीतरी म्हणालं आणि सभा हसत संपली.

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून विहिरीमागून विहीर हा कार्यक्रम सुरू झाला. पोतं उघडायचं, पावडर कालवायची, ठरलेला वेळ थांबायचं, मग नानाभाऊंनी बादली ओढून पहिला गिलास प्यायचा. लोक त्यांच्या नरड्याकडे पाहत असायचे. पाणी खाली उतरलं की बायका घागरी पुढं करायच्या. शेवटी पाळी आली बौद्ध वस्तीची.

इथं रामटेके मास्तरांविषयी सांगायला हवं. ते आणि नानाभाऊ शाळेत एका बाकावरचे. छप्पन साली मास्तरांच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन धर्म बदलला. परत आल्यावर आमच्या गल्लीतून त्यांच्या घरी पहिले गेले ते नानाभाऊ. चहा प्याले, वर पाणी मागून प्याले, आणि त्यावरून स्वतःच्या वडिलांचा मार खाल्ला. वस्तीची सगळी मतं त्यांना पडायची ती त्या एका गिलासामुळे, असं गावात म्हणत. तर त्या दिवशी वस्तीच्या विहिरीवर गर्दी जमलेली. मीही होतो. नानाभाऊ आले ते खांद्याला नवाकोरा फिरकीचा तांब्या लटकवून. चेहरा ओढलेला. पावडर दुसऱ्याकडून टाकवली, बादलीला हात लावला नाही. मास्तरांनी स्वतः पाणी काढलं, घासलेला गिलास भरून पुढं केला.

"घे गा नाना."

नानाभाऊंनी हात पुढं केला नाही. तांब्याचं झाकण उघडलं, वरून स्वतःचं पाणी घशात ओतलं आणि म्हणाले, "माझ्याजवळ आहे."

बस्स. एवढंच. मास्तरांच्या हातातला गिलास तसाच राहिला. मागून एक म्हातारी, मास्तरांची आत्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाजारओळीचं पाणी चाललं, आमचंच कडू झालं वं बाई." नानाभाऊ वळले आणि भरभर निघून गेले. त्या दिवशी वस्तीनं विहिरीकडे पाठ फिरवली. लोक नाल्यात झिरे खणून तिथलं पाणी भरू लागले. इकडे आमच्या गल्लीत वेगळीच कुजबुज. पावडरीत काहीतरी आहे, नानाला आतून कळलंय, म्हणून तो आता स्वतःचं पाणी घेऊन फिरतो. माझा अंदाज तिसराच होता. मला वाटलं, निवडणूक जवळ आली, बाजारओळीतल्या मोठ्या लोकांनी दम दिला असेल. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, "माह्या भावाले दम देणारा अजून जन्माले याचा आहे." पण आवाज नेहमीसारखा नव्हता.

झिऱ्याचं पाणी बाधलं. वस्तीत माणसं आजारी पडली आणि ती आत्या गेली. तिच्या मातीला नानाभाऊ गेले. त्यांना कोणी हाकललं नाही, कोणी बसही म्हटलं नाही. नंतर ते आणि मास्तर शाळेच्या मागं बराच वेळ बोलताना लोकांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळी वस्ती विहिरीवर गोळा केली, पावडरीचं पाणी स्वतः प्याले आणि झिरे बुजवायला लावले. साथ उतरली. त्यानंतरच्या निवडणुकीत नानाभाऊ उभेच राहिले नाहीत. त्यांच्या जागी उभे राहिले मास्तर, आणि निवडून आले. आता सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय समजायचं? शाळेमागं सौदा झाला, असं सगळं गाव म्हणत होतं, आणि गावाचं मत इतकं माझ्यासारखं क्वचितच असायचं.

पुढं आम्ही नागपूरला राहायला आलो. नानाभाऊंचा तांब्या मात्र सुटला नाही. लग्नात, तेरवीत, तहसीलदाराच्या कचेरीत, सगळीकडे तांब्या. मोठ्या घरांतही नाही, बामणाच्या घरीही नाही, सासुरवाडीलाही नाही. गावानं त्याला विक्षिप्तपणा म्हणून टाकलं. गेल्या दिवाळीला ते आमच्याकडे शेवटचे आले. खंगले होते. मी मुद्दाम खोचून म्हटलं, "नानाभाऊ, आता तरी आमच्या माठाले पास करा." ते हसले. "जवाईबापू, माठ पासच आहे. मीच नापास आहे." मी त्या वाक्याचाही संशय घेतला. माझ्या नोकरीवर टोमणा असावा असं वाटलं.

नानाभाऊंच्या तेरवीला मांडवात जेवणं उरकल्यावर मास्तर माझ्याशेजारी येऊन बसले. त्या दिवशीच्या प्रकारानं मी त्यांची नजर चुकवत होतो. तेच म्हणाले, "जवाईबापू, तुमी ते पाणी पेले ना, ते मी आनलं होतं." मग थांबून थांबून, उपरण्यानं डोळे टिपत सांगू लागले. बायकोही मागं येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी विहिरीवर आला ना तो, त रातभर ओकाऱ्या-जुलाबानं पिळून निंगाला होता. साथ त्यालेच लागली होती. घरी निजला असता त लोक म्हणले असते, पावडरीचं पाणी पेला म्हणून पडला. एकानंही पुढं पाणी भरलं नसतं. म्हणून उठून आला. आणि आमच्या बादलीले, गिलासाले हात लावला असता त आमाले देऊन गेला असता. तांब्यात वहिनीनं उकळून देलेलं साखर-मिठाचं पाणी होतं." मास्तरांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "आत्या गेल्यावर शाळेमांगं सांगतलं त्यानं मले. मी म्हटलं, अरे मले तरी सांगायचं होतं. त म्हणे, तुले सांगतलं असतं त तुले लोकायच्या समोर खोटं बोला लागलं असतं."

"मग नंतर बरं झाल्यावर प्यायला काय हरकत होती?" मी विचारलं. सवय जात नाही.

"मांगतला ना त्यानं गिलास! तिथंच मांगतला. मीच नाही देला. माही आत्या गेली होती जी... राग होता. म्हटलं, आज पेशील त लोक म्हणतीन, म्हातारी मेली आणि मतं गेली तवा याले तहान लागली. त म्हणे, बरं. तू म्हणशील तवा तुह्या घरचं पेईन. तवरी कोणाच्याच घरचं नाही. म्हणजे कोणी असं नाही म्हणणार का नाना फक्त वस्तीतच नाही पेला." मास्तरांनी हातातली पत्रावळ मुडपली. "आणि मी म्हटलंच नाही गा. आधी राग होता. मंग मेंबर झालो, वाटलं आता बोलावलं त लोक म्हणतीन सीट देल्याचे उपकार फेडून राहिला. मंग वर्सं गेली. तो बी इचारे ना. रोज चक्कीवर भेटे, तांब्या घेऊन."

बायकोचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो मला दिसत होता.

"तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनीनं निरोप धाडला का आता काही खरं नाही. मी आमच्या विहिरीचं पाणी काढलं, घेऊन गेलो, त्याच्याच तांब्यात ओतलं. म्हटलं, नाना, आता पे. दोन घोट पेला." मास्तर हसले, आणि ते हसणं मध्येच कुठंतरी तुटलं. "त म्हणते कसा, 'पावडर जास्त टाकली गा तुह्या लोकायनं.'"

त्यातलं उरलेलं मी संपवलं होतं.

निघताना वहिनींनी तांब्या नणंदेच्या हातात दिला. बसमध्ये तो बायकोच्या मांडीवर होता. घरी आल्यावर मात्र माझ्यातला कारकून जागा झालाच. तांब्या टेबलावर ठेवला होता, मी झाकण फिरवून उगाच वास घेतला आणि म्हणालो, "पण मी म्हणतो, मास्तर सांगतात ते सगळं खरंच असेल कशावरून? शाळेमागं ऐकायला तिसरा माणूस नव्हता. आणि सीट तर त्यांनाच मिळाली..."

बायको पदर खोचून चूल पेटवायला निघाली होती. ती थांबली.

"त्या दिवशी तहान लागली तवा इचारलं होतं का, पाणी कोणाच्या विहिरीचं आहे म्हणून? पेऊन मोकळे झाले. आता इचारून राहिले." मग माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहत ती म्हणाली, "उभे काय आहा तसे? माठ तिथं आहे. भरा तो तांब्या. माह्या घरचं पाणी एकदाही नाही गेलं त्याच्यात."