डाव्या गुडघ्याचा उन्हाळा

‘उन्हाळा जाऊ द्या’ असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. ते वाक्य माझं. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. उजवा हिवाळ्यात अमरावतीला बदलला. मार्चमध्ये तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, “मस्त चालतोय. आता डावा करून टाकू, फार ताणू नका.” मी बाहेर आलो आणि आईला सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, उन्हाळा जाऊ द्या.”

अकोल्यात हे खोटं कुणालाही पटतं. उन्हाळ्यात टाके पिकतात, ही आमच्याकडची ठाम समजूत. आईने नुसती मान डोलावली.

खरं म्हणजे पहिल्या ऑपरेशननंतरच्या महिन्यांनी मी वैतागलो होतो. रोज सकाळी तिची टाच धरून गुडघा वाकवायचा, तिने बोंबलायचं, आणि भेटायला आलेल्या दर्यापूरच्या मावशीने पलंगाशेजारी बसून मलाच झापायचं, “अबे, मायचा पाय तोडून राह्यला का?” चहाचं आधण दिवसभर गॅसवर. जो येईल त्याचा सल्ला वेगळा. हे सगळं पुन्हा? नको बुवा.

उन्हाळा संपला. शेत ठेक्याने दिलेलं, तरी पेरणीचं कारण मी बिनदिक्कत पुढे केलं.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या सणाला आईला मावशीकडे जायचं होतं. एकटीने, पूर्वीसारखं. मी स्टँडवर सोडायला गेलो. नवा पाय एसटीच्या पायरीवर चढला, डावा खालीच राहिला. दांडा धरून ती तशीच लोंबकळली. मागच्या बाया ओरडल्या, “ओ माय, चढा नं लवकर!” ती चढली नाही. उतरली.

रिक्षात घरी येईपर्यंत डॉक्टरचा उद्धार चालला होता. “काहून थांबवलं मले? त्याले काय समजते?” मी बाहेर बघत होतो.

पुढच्याच आठवड्यात तिला अमरावतीला नेलं. डॉक्टर चिडले, “इतके दिवस काय करत होता? डावा वाकडा होत चाललाय, सगळा भार नव्या गुडघ्यावर येतोय.”

आई उसळली, “तुमीच तं म्हटलं होतं, उन्हाळा जाऊ द्या म्हून!”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या गुडघ्याकडे. ते एवढंच म्हणाले, “बरं. आता उशीर नको.”

परतताना आई खूश होती. “पाह्यलं? तोंड नाई उघडलं त्यानं. चुकी होती न त्याची!”

दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. या वेळीही टाच मीच धरीन, मावशी काय बोलायचं ते बोलो. पण चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती, हे आईला सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.