माघारी मागितलेला वानवळा

ता. १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. सकाळी ढगाळ, मग ऊन. कोंबड्यांची दोन अंडी. कडूबाई वानवळा परत मागायला आली.

आमच्या गावात वानवळा एकाच दिशेने जातो. शेतातलं पहिलं काही निघालं की ते शेजारी द्यायचं. ते परत मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. शनिवारी, दसऱ्याचं सोनं द्यायला आली तेव्हा कडूबाईने मलाही पांढऱ्या मक्याची कणसं दिली होती. बियाण्याची म्हणून पाल्यासकट. मी ती तशीच चुलीवरच्या दोरीला टांगली होती.

"काकू, ती कणसं माघारी द्या."

"का गं? माझं काही चुकलं का?"

"तुमचं न्हाई." तिने एक कणीस ओढून काढलं आणि सोललं. पांढऱ्या दाण्यांत मधूनमधून पिवळे दाणे होते. "घरी सगळी अशीच निघाली. देताना उघडून बघितली न्हाईत मी."

आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. ही जगली, आणि नवरा गेल्यावर गावरान कोंबड्यांवर तिने घर चालवलं. विकतचं खाद्य तिच्या अंगणात आलं नाही. ज्वारी, बाजरी आणि सासूच्या हातचा पांढरा मका, सगळं स्वतःच्या रानातलं. नागापूरच्या कारखान्यांतल्या लोकांच्या बायका तिच्याकडून अंडी नेतात, ती त्याच भरवशावर.

यंदा गुडघ्यांनी खुरपणी होईना. भाचा सूर्यभान मक्याच्या बियाण्याची एक पिशवी घेऊन आला. पिशवीवर ना नाव, ना पावती. "मावशी, वरनं तणनाशक मार. गवत जळंल, मका हलणार न्हाई."

"बांधाकडंला त्याच्या चार ओळी, चार तासं पेरली," ती खाली बघत म्हणाली. "म्हटलं, कोंबड्यांलाच घालायचाय, माणसाच्या तोंडात कुठं जातोय? पर तुरे दोन्ही मक्यांला एकदमच आले. वारा काय बांध बघतो व्हय?"

तणनाशकाने न मरणारा मका जनुक बदललेला असू शकतो, आणि आपल्याकडे तशा पिकांत लागवडीची परवानगी फक्त कापसाला आहे, हे मी वाचलेलं होतं. तिला म्हटलं, "साधा संकरित मकाही असेल. पिशवीत काय होतं, कुणी सांगावं?"

"त्येच तर! मला ठावं न्हाई, आन् मी गावभर वाटलं."

"मागच्या वर्षीचं बी?"

"नवं आलं म्हणून कोंबड्यांला टाकलं." म्हणजे सासूचा पांढरा मका तिच्या घरातून संपला होता.

वाटलेली कणसं गोळा करायला तिला एकटीला जाववेना, म्हणून मी बरोबर निघाले. प्रत्येक दारात तिने सांगितलं, "कणसांना कीड लागलीय." मी शेजारी उभी राहून ऐकलं. भागवत हसला, "मावशे, आता आपट्याची पानं पण माघारी नेतीस का?" पुष्पावतीने तर कणसं भाजून खाल्ली होती. "गोड हुती गं!" असं ती म्हणाली, तेव्हा कडूबाईने पदर तोंडाला लावला.

शेवटी तिच्या थोरल्या जावेचं, चांगुणाबाईंचं घर. कीड म्हणताच त्या आत गेल्या आणि धुराने काळपटलेली एक जुडी घेऊन आल्या.

"मागल्या साली तू दिलेली. पेरली न्हाई म्हणून संक्रांतीला मला चारचौघींत आळशी म्हणालीस. ध्यानात हाय?"

"हाय, बाई."

"बघ, एकपण दाणा पिवळा न्हाई. देते. पर आधी खरं सांग. किडीनं दाणा पिवळा व्हतो व्हय?"

कडूबाई उंबऱ्यावर बसली. पिशवी, सूर्यभान, बांधाकडची तासं, सगळं सांगितलं. "सासूबाईंनी मरताना हे बी माझ्या वटीत घातलं हुतं. मी गुडघ्यापायी घालवलं."

चांगुणाबाईंनी पुढे केलेली जुडी मागे घेतली.

"मग हे तुझ्या रानात जायचं न्हाई. माझ्या परड्यात पेरू, तुझ्या रानापासनं लांब हाय. खुरपायला मात्र तू यायचं. गुडघे दुखले तर बसून खुरप."

"येते," कडूबाई म्हणाली. जुडी मात्र तिच्या हातात आली नाही.

परतताना ती वाटेत थांबली. "नागापूरच्या बायका म्हणत्यात, यंदा बलक लई पिवळाधमक हाय. घरच्या दाण्याचा गुण! गुण त्या पिशवीतल्या दाण्याचा, पर मी हसून घेतलं. त्यांना बी सांगाया पायजे. आन् पुष्पावतीला." मग गोळा केलेल्या कणसांची पाटी तिने माझ्या ओट्यावर ठेवली. "कोंबड्यांला न्हाई घालायची. जाळा. माझ्या हातनं दाणा जाळवत न्हाई."

संध्याकाळी: बंबात लाकडं घातली नाहीत, मक्याची कणसं घातली. पाणी नेहमीपेक्षा लवकर तापलं.