दोनदा ‘नको’

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या आमच्या गावाने ओरिन पेटिबोनला नऊ वेळा आमदार केलं. दर सप्टेंबरात गावसभेत निवडणूक, ऑक्टोबरात राजधानीत अधिवेशन. नऊ वर्षांत गडी सभागृहात एकदाच बोलला, मेंढ्या फाडणाऱ्या कुत्र्यांवर. भाषण चार मिनिटांचं. गाव ते तासभर सांगतं.

लोक म्हणत, खुर्चीचा मोह. छे! मोह होता खानावळीच्या टेबलाचा. बायको मेहिटेबल गेल्यापासून घरी बोलायला एक घोडीच, तीही मध्येच तोंड फिरवायची. राजधानीत मात्र बारा आमदार एका टेबलाला. कुणी भांडखोर, कुणी दुसऱ्याच्या ताटातले बटाटे लांबवणारा. त्या सहा आठवड्यांच्या गजबजाटावर ओरिन उरलेलं वर्ष काढायचा.

आमच्याकडे मान हावरटासारखा घेत नाहीत. नाव पुकारलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मान तुकवायची. ओरिनने नऊ वर्षं तेच केलं. दहाव्या वर्षी जरा जास्तच रंग भरला.

“नको मंडळी, दुसरा कुणी बघा,” तो म्हणाला. पुन्हा आग्रह झाला, तेव्हा गुडघा चोळत म्हणाला, “थकलो हो आता!”

गुडघा पाहून गावाला गहिवर आला. लोहार उठला. “खरंच की! किती राबवायचं म्हाताऱ्याला? शेकोटीपाशी बसू द्या जरा!”

ओरिन ताडकन उभा राहिला. “तसं काही नाही, मी...”

“बसा हो ओरिनकाका! आमच्या भिडेखातर हो म्हणू नका!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. तरणाताठा लायमन हबर्ड निवडून आला.

ऑक्टोबरात लायमनला स्टेशनावर सोडायला ओरिनच गाडी घेऊन गेला.

“खानावळीत डावीकडचा म्हातारा बहिरा आहे, उजव्या कानात बोल. लोणी आलं की लाजू नकोस, फिरून येत नाही ते. आणि रविवारी पाय मोकळे करायला सगळे नदीकडे जातात, तूही जा.”

“हो काका. तुम्ही आता मस्त आराम करा.”

“करतो की.”

आगगाडी गेली. ओरिन फलाटावरच रेंगाळला. स्टेशनमास्तरने दार लावता लावता विचारलं, “कुणी यायचंय का, आमदारसाहेब?”

“नाही रे. तू जेवलास का?”

“केव्हाच!”

“बरं,” म्हणत ओरिनने घोडीचा लगाम सोडवला.